बारा बोअरची छर्ऱ्याची बंदूक साफ करायच्या त्या 'बिनखर्ची' फॉरवर्डबद्दल थोडं

शेतीसंरक्षणासाठी बंदुकीचं लायसन्स असलेल्यांच्या ग्रुपवर तो मेसेज परत फिरायला लागलाय. ज्यांच्यापर्यंत आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो, त्यात म्हटलंय की नळीला खोबरेल तेल लावा, तारेचा ब्रश आणि पॉलिश पेपर मारून आतून चकाचक करा, वरून डब्ल्यूडी-४० मारला की झालं, पाणी चुकूनही लावू नका, चामड्याच्या कव्हरात घालून ठेवा, आणि एवढं वर्षातून एकदा खंडेनवमीला केलं तरी भरपूर. सहा गोष्टी आहेत आणि त्यातली एक अर्धी बरोबर आहे. ती कुठली ते पुढे येईलच.

आधी त्यात जे नाहीच ते. बंदूक रिकामी आहे का बघा, हे एका ओळीत पण लिहिलेलं नाही! दुनळी असो नाहीतर एकनळी, आधी मोडून (म्हणजे बिजागरीवर उघडून) चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, डोळ्यांनी बघायची, दुनळी असेल तर दोन्ही, मग बोट घालून बघायचं, आणि काडतुसांचा डबा दुसऱ्या खोलीत ठेवून मगच चिंधी हातात घ्यायची. ठासणीच्या बंदुकीत (तोंडाकडून दारू ठासून भरायची ती) तर डोळ्यांना काहीच दिसत नाही, तिथे आधी टोपी, म्हणजे ठिणगी पाडणारी कॅप, काढायची आणि गज हळूच आत सोडून तो किती खोल जातो ते नळीच्या बाहेरून मापून बघायचं, कमी गेला तर आत बार भरलेला आहे असंच धरायचं.

आता खोबरेल. आपल्याकडे घरात असतंच, त्यामुळे हा सल्ला सगळ्यांना पटकन पटतो. पण खोबरेल साधारण २४ डिग्रीच्या खाली गोठतं. डिसेंबरात लांजा, कणकवलीकडे सकाळी सहाला बाटली उलटी केली तरी तेल खाली येत नाही, हे प्रत्येकाने बघितलंय, आणि बागेत माकडं नाहीतर शेतात डुक्कर येतं ते नेमकं अशाच वेळी. तेच तेल फायरिंग पिनच्या (काडतुसाच्या टोपीवर आदळते ती) भोकात आणि चापाच्या खटक्यात जाऊन बसलं की पिन मंद पडते, टोपीवर हलका ठोका बसतो आणि बार उडत नाही. किंवा उशिरा उडतो, ते तर त्याहून वाईट, कारण तोवर माणूस वैतागून बंदूक मोडायला लागलेला असतो. (बार उडाला नाही तर नळी समोरच धरून निदान अर्धा मिनिट थांबा, मग मोडा.) वर खोबरेल खवट झालं की त्यात आम्ल वाढतं, ते पितळेला आणि लोखंडाला चांगलं नाही. शिलाई मशीनचं साधं खनिज तेल परवडलं, गन ऑइल मिळालं तर सोन्याहून पिवळं. आणि लावायचं ते चिंधीला, नळीवर ओतायचं नाही.

तारेचा ब्रश आणि पॉलिश पेपर, इथे मात्र जरा थांबतो कारण खरं नुकसान इथे होतं. बारा बोअरची नळी आतून साधारण साडेअठरा मिलिमीटर असते. तोंडाशी जो चोक असतो तो फुल चोक असला तरी नळी तिथे जेमतेम एक मिलिमीटरने अरुंद झालेली असते, हाफ असेल तर त्याच्या निम्मी. छर्रे किती पसरणार हे सगळं त्या एवढ्याशा फरकावर ठरतं, आणि हे म्हणतात तिथे पेपर फिरवा. दुनळीच्या मधल्या भागात नळीच्या भिंतीची जाडी बऱ्याचदा एक मिलिमीटर सुद्धा नसते, तिथे घासून घासून खड्डे घालवणं म्हणजे नळी पातळ करणं. चेंबरला ओरखडे पडले की उडालेलं काडतूस आत धरून बसतं, मग कोणीतरी स्क्रू ड्रायव्हर घालतो आणि एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे काडतूस बाहेर ओढणारा भाग, वाकवतो.

मुळात आत काय चिकटलंय ते आधी बघा ना. नळी सुटी करून आकाशाकडे धरा आणि चेंबरच्या बाजूने डोळा लावा. चेंबरच्या थोडं पुढे करड्या काळसर लांब रेघा दिसत असतील तर ते वॅडचं (काडतुसात दारू आणि छर्ऱ्यांच्या मधे असतो तो तुकडा) वितळलेलं प्लास्टिक नाहीतर शिसं. क्लिनिंग सॉल्व्हंट लावून दहा पंधरा मिनिटं सोडा, मग बारा बोअरचा फॉस्फर ब्राँझचा ब्रश चेंबरकडून तोंडाकडे चालवा, सालं निघतात आणि पांढऱ्या चिंधीवर स्पष्ट दिसतात. ब्राँझ नळीच्या पोलादापेक्षा मऊ असतो म्हणून तो चालतो, स्टीलची तार चालत नाही. आणि ब्रश फिरवून, परत सॉल्व्हंट लावून पण जो ठिपका तिथल्या तिथेच राहतो तो मळ नाही, तो गंजाने खाल्लेला खड्डा आहे. तो घासून जाणार नाही, तेलाखाली ठेवायचा आणि वाढतोय का एवढं बघायचं. बाहेरून नळीवर लाल गंजाची भुकटी धरली असेल तर सगळ्यात बारीक, चार शून्यांची स्टील वूल भरपूर तेलात भिजवून हलक्या हाताने चालते, पण ब्ल्यूइंग, म्हणजे नळीवरचा निळसर काळा थर, जाईल इतका जोर नको.

बाजारात तांबं काढायचं अमोनियावालं सॉल्व्हंट पण मिळतं, ते रायफलवाल्यांसाठी. आपल्या छर्ऱ्याच्या काडतुसात तांब्याची गोळी नसते, तेव्हा त्यावर पैसे घालवू नका.

डब्ल्यूडी-४० ला शिव्या घालणार नाही. १९५३ मध्ये अमेरिकेत सॅन डिएगोला ते बनलं ते पाणी हटवण्यासाठी, नावातल्या दोन अक्षरांचा अर्थच तो आणि ४० म्हणजे चाळिसावा फॉर्म्युला. पावसात भिजून आलेल्या बंदुकीवर मारा, पाणी काढायला एक नंबर. पण मागे जो थर राहतो तो फार पातळ, आणि वेंगुर्ला, मालवण, गुहागरच्या खाऱ्या हवेत त्याच्या भरवशावर बंदूक महिनाभर ठेवायची म्हणजे गंजाला आमंत्रण. मारा, पुसा, सुकवा आणि मग खरं तेल लावा. रॉकेलचं पण तेच, मळ सुटतो, संरक्षण शून्य.

पाणी लावू नका, ही ती अर्धी बरोबर गोष्ट. काडतुसाच्या आधुनिक बंदुकीला पाण्याची गरज नाही, बरोबर. पण आपल्याकडे ठासणीच्या लायसन्सच्या बंदुका अजून घराघरात आहेत आणि त्यात काळी दारू जाते. काळी दारू जळल्यावर वजनाच्या निम्म्याच्या वर घन राख मागे राहते, ती पोटॅशियमच्या क्षारांची, आणि ती हवेतली ओल ओढून घेते. तेलात ते क्षार विरघळत नाहीत, वरून तेल लावलं तर खाली गंज आरामात चालू राहतो. तिथे गरम साबणाचं पाणीच लागतं, कान (टोपी बसते तो भाग) काढून, गजाला चिंधी गुंडाळून, पाणी स्वच्छ येईपर्यंत. पाणी चांगलं कढत असलं की नळी तापते आणि आपोआप सुकते, मग लगेच तेल. पुढच्या वेळी बार भरायच्या आधी ते तेल कोरड्या चिंधीने पुसून घ्या, नाहीतर दारू ओली होते.

चामड्याचं कव्हर नेण्याआणण्यासाठी, ठेवण्यासाठी नाही. चामडं ओल धरतं, रेक्झिन आणि आतला फोम त्याहून जास्त, आणि रत्नागिरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. कुलपाच्या कपाटात उघडीच ठेवा, सोबत सिलिका जेलची पुडी, आणि तेल लावल्यावर पहिले एक दोन दिवस तोंड खाली करून, म्हणजे जास्तीचं तेल दस्त्याच्या लाकडात मुरत नाही. फक्त तोंडाला बूच मारू नका, आत ओल अडकते आणि पुढे बूच काढायचं विसरून बार टाकला तर नळी फुटते. उघड्या नळीत कुंभारीण माशी मातीचं घर बांधते हे खरं, म्हणून दर वेळी वापरण्याआधी नळीतून आरपार उजेड दिसतोय ना ते बघायचं.

आणि खंडेनवमी. पूजा करा, कोण नाही म्हणतंय, पण खंडेनवमी येते कधी? पावसाचे चार महिने संपल्यावर! जूनमध्ये धरलेला गंज तोवर आत गेलेला असतो, आणि वर आपण ओली फुलं, पाण्याचा शिंतोडा आणि हळदकुंकू त्याच नळीवर ठेवून दुसऱ्या दिवसापर्यंत तशीच सोडतो. पूजा झाली की त्याच संध्याकाळी पुसून घ्या. पावसात दर पंधरा दिवसांनी तेलाची चिंधी फिरवायला पाच मिनिटं लागतात, आणि हाताचा घाम लागला की लगेच, कारण घामात मीठ असतं. इलेक्शनला बऱ्याचदा बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात त्याचा पण विचार करा. २०२४ च्या लोकसभेची घोषणा १६ मार्चला आणि निकाल ४ जूनला, एवढे दिवस पुसायला कोणी नसतं आणि परत मिळते ती पाऊस तोंडावर असताना. जमा करण्याआधी आतून बाहेरून नेहमीपेक्षा जाड तेलाचा हात द्या, आणली की आधी मोडून नळी बघा.

खर्चाचं म्हणाल तर लाकडी किंवा कार्बन फायबरचा तीन तुकड्यांचा रॉड, ब्राँझचा एक ब्रश, लोकरीचा एक मॉप, जुन्या सुती धोतराच्या चिंध्या आणि तेलाची बाटली, बस. चाप, घोडा, आतले स्प्रिंग यात काही बिघाड वाटला तर गावच्या लोहाराकडे नेऊ नका, शस्त्र कायदा १९५९ प्रमाणे दुरुस्तीला पण वेगळं लायसन्स लागतं, तेव्हा ते असलेल्या गनस्मिथकडेच न्या आणि पावती घ्या.