डिफरेन्शियलमध्ये सागवानी भुसा? दाजी, अहो काय हे!

गेल्या रविवारी अक्काचा फोन. "तुझ्या दाजींनी गाडी घरीच दुरुस्त केली बघ. आवाजच बंद!"

दाजींची गाडी म्हणजे १९९८ची फोर-बाय-फोर, म्हणजे लागेल तेव्हा चारही चाकांना इंजिनाची ताकद देणारी, पिकअप. खत, वैरण, पाहुणे सगळं तिच्यावरच, आणि पावसाळ्यात गगनबावड्याकडच्या रानात चिखल तुडवणं वेगळंच. काय केलंत म्हणून विचारलं तर त्यांनी मला व्हॉट्सॲपवरचा मेसेज पाठवला. तोच. 'गॅरेजवाले हे कधीच सांगणार नाहीत'नं सुरू होणारा. चार ग्रुपांवर येऊन गेला, चारही वेळा मी गप्प बसलो. आता घरातच शिरलाय म्हटल्यावर बोलावं लागणार.

मेसेज म्हणतो: जुन्या फोर-बाय-फोरचा घूंऽ आवाज म्हणजे डिफरेन्शियलमधली (डाव्या-उजव्या चाकांना वळणावर वेगवेगळ्या वेगानं फिरू देणाऱ्या गिअरच्या डब्यातली) क्राऊन-पिनियन ही दातेरी चाकांची जोडी गेली. त्यावर उपाय, डिफरेन्शियलमध्ये मूठभर सागवानी भुसा टाका आणि ९० ऐवजी १४० नंबरचं ऑइल भरा. गिअर टाकताना टक् वाजलं तर गिअरबॉक्स उतरवा. आणि आठवड्यातून एकदा हायवेला फोर-व्हील टाकून २० किलोमीटर पळवा, 'पुढचे गिअर मोकळे होतात'.

भुशापासूनच सुरू करू. सागवानीच का, बाभळीचा का नको, हे लिहिणाऱ्यालाच ठाऊक. ही युक्ती जुनी गाडी खपवणाऱ्यांची. दातांच्या मध्ये भुशाची गादी होते, आवाज दबतो, गिऱ्हाईक गाडी घेऊन जातं. पण डिफरेन्शियलमध्ये ऑइल ढकलायला पंप नसतो. क्राऊन ऑइलमध्ये बुडून फिरतो, ते वर उडवतो, आणि हौसिंगमधल्या (बाहेरच्या लोखंडी कवचातल्या) वाटेनं ते पिनियनच्या बेअरिंगपर्यंत पोचतं. भुसा नेमका त्या वाटेत जाऊन बसतो. सोमवारी गाडी कोल्हापूरच्या उद्यमनगरात, गॅरेजमध्ये नेली, मिस्त्रींनी ड्रेन नट काढला, तर ऑइल पडेचना. बोट घालून ओढल्यावर काळपट पिठल्यासारखा गोळा बाहेर आला. पिनियनच्या बेअरिंगचे रोलर तापून निळे पडलेले. क्राऊनचे दात मात्र शाबूत! म्हणजे मेसेजनं ज्याला मेलेला ठरवला तो जिवंत होता, आणि जे जरा कुरकुरत असेल-नसेल ते औषधानं मारलं.

मग आवाज कमी कसा झाला? इथं मला नाइलाजानं मेसेजला अर्धा गुण द्यावा लागतो. घट्ट ऑइलनं आवाज थोडा दबतो हे खरं, आणि काही एक्सलना (चाकांच्या आसांना) कंपनीच १४० सांगते. पण दाजींच्या गाडीत मूळ ऑइलच निम्म्यावर आलं होतं. पिनियनचं सील (ऑइल अडवणारी कडी) गळत होतं, आणि ते गळायचं कारण त्याच्याही मागं. हौसिंगवर बोटाच्या पेराएवढा ब्रीदर, म्हणजे आतली हवा बाहेर सोडणारी तोटी, असतो, तो चिखलानं बंद झालेला. गरम झालेल्या हवेला वाट नाही, मग ती सीलमधून ऑइल ढकलते. ब्रीदर साफ करायला रॉकेलचा बोळा पुरतो. सील तांबड्या-पांढऱ्या रस्स्याच्या एका ताटाच्या पैशात येतं. आवाज उतरला तो ऑइल भरल्यामुळं, श्रेय गेलं भुशाला.

घूंऽ म्हणजे क्राऊन, हेही खोटं. आवाज कसा येतो यापेक्षा कधी येतो ते बघा. अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर येतो आणि सोडला की बदलतो, तर संशय क्राऊन-पिनियनवर. स्टेअरिंग डावी-उजवीकडं हलवल्यावर कमी-जास्त होतो, तर चाकाचं बेअरिंग. डांबर संपून मातीचा रस्ता लागला की बदलतो, तर बहुतेक टायर, आणि चिखलासाठी मोठ्या नक्षीचे टायर घातलेत तर ते गाणारच.

टक् वाजण्याचं तर थोडक्यात. गिअरबॉक्स उतरवण्याआधी गाडीखाली शिरा (चाकांना दगड लावून) आणि प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सकडून एक्सलकडं ताकद नेणारा लांब दांडा) हातानं पिळून बघा. शाफ्टच्या टोकाच्या सांध्यात क्रॉस असतो, त्याच्या टोपीभोवती तांबूस पूड दिसली की समजा, ग्रीस संपून आतल्या सुया घासतायत. क्रॉस बदला. गिअरबॉक्सला हात लावू नका.

आता हायवेवरची फोर-व्हील. भुशानं एक बेअरिंग जातं, यानं माणूस जाईल. मळणीच्या पातीत मेढीजवळचा बैल जागच्या जागी पावलं टाकतो आणि कडेचा पळतो, दोघांना एकाच चालीत बांधलं तर दावं तुटेल. वळणावर गाडीची पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठं वर्तुळ कापतात. या जुन्या गाड्यांत पुढचा आणि मागचा एक्सल यांच्या मधे वेगळं डिफरेन्शियल नसतं, फोर-व्हील टाकलं की दोन्ही प्रोपेलर एकाच वेगानं बांधले जातात. चिखलात टायर घसरून हिशोब मिटवतात. कोरड्या डांबरावर घसरता येत नाही, मग ताण शाफ्टमध्ये, क्रॉसमध्ये, ताकद पुढं-मागं वाटणाऱ्या ट्रान्सफर केसमध्ये साठतो, फोर-व्हीलचा लिव्हर अडकतो, गाडी वळायला नकार देते. दाजींना माझा शब्द पटेना, म्हणून त्यांच्याच डॅशबोर्डच्या कप्प्यातलं गाडीचं मॅन्युअल काढलं. पानांना डिझेलचा वास, पण मजकूर स्वच्छ: कोरड्या पक्क्या रस्त्यावर फोर-व्हील वापरू नये. गाडी ज्यांनी बनवली त्यांचं ऐकायचं की हात जोडणाऱ्या इमोजीचं? पुढच्या भागाला अधूनमधून फिरवावं, ऑइल सगळीकडं पोचतं, हे बरोबर आहे. पण ते रानातल्या मातीवर, सरळ, हळू.

मिस्त्रींनी हौसिंग डिझेलनं दोनदा धुतलं, बेअरिंग आणि सील नवं बसवलं, मॅन्युअलमधल्या नंबरचं ऑइल भरलं. बिल बघून दाजी काही बोलले नाहीत. चहा आला. मिस्त्री हात पुसून गाडी खाली घेणार, तेवढ्यात दाजी हळूच म्हणाले, "पुढच्या हौसिंगमध्ये पण टाकलाय जरासा."