काय लागलं तर सांगा हं!

गावी म्हातारं माणूस पडलं तर मुंबई-पुण्यात बसून धीर कसा द्यावा, याचं शास्त्र आता फार पुढे गेलंय. नुकतीच आमची आई शेवाळलेल्या पायरीवरून घसरली, खुब्याचं हाड मोडलं, १०८ ला फोन करून रत्नागिरीला नेली. कुटुंबाच्या ग्रुपवर मी तेवढंच टाकलं आणि हे शास्त्र मला घरबसल्या शिकायला मिळालं. तुमच्याही उपयोगी पडेल म्हणून सांगतो.

आधी हात जोडा. कोण पडलं, कुठे पडलं हे वाचत बसू नका. आमच्या एका काकांनी घाईत 'भावपूर्ण श्रद्धांजली' टाकली. नंतर पुसली म्हणा, पण तोवर आईने ती मला वाचून दाखवली होती.

पन्नाशीतल्यांनी औषधं पाठवावीत. व्हॉट्सॲपने भारतात २०१८ साली एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करायची मर्यादा घातली, आणि २०२० मध्ये फार फिरलेल्या मजकुराला तर एकच. आत्या डगमगल्या नाहीत. हाड सांधणाऱ्या पाल्याचा लेप त्यांनी मला, बायकोला आणि पोरांना वेगवेगळा पाठवला. खुब्यात प्लेट बसवल्यावर लेप नेमका कुठे लावायचा, ते मात्र त्यात नव्हतं.

तरुणांनी आजीचा जुना फोटो स्टेटसला ठेवावा, खाली रडकं गाणं. चोवीस तासांनी स्टेटस जातं, काळजीही जाते.

व्हिडिओ कॉल मात्र करू नये. आमची गिरगावची मावशी ऐंशीच्या पुढची. फोनमध्ये तिचं कपाळ आणि वरचा पंखा एवढंच दिसतं. 'गो, जेवलीस काय?' असं रोज संध्याकाळी विचारते. आई त्या पंख्याशी अर्धा तास बोलते आणि मग जेवते. असलं मागासलेपण तुम्हाला शोभणार नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, शेवटी 'काय लागलं तर सांगा हं' लिहायचंच. सगळ्यांनी लिहिलं. म्हणून मी सांगितलं. बायकांच्या वॉर्डात रात्री बाईमाणूस लागतं, मला थांबू देत नाहीत, बायको जागरणांनी तापलीय, कुणी दोन रात्री येईल का? सगळ्यांच्या निळ्या खुणा झाल्या. तासाभराने एक सुविचार आला. मग एका पुतण्याने विचारलं, 'काका, गणपतीला वरची खोली आम्हालाच ना?' गणपतीचं तिकीट काढायला साठ दिवस आधी सकाळी आठच्या ठोक्याला यांची बोटं तयार असतात, तेव्हा नेट चालतं. मे महिन्यात आंब्याच्या पेटीसाठी पत्ता पाठवतात तो पिनकोडसकट, लिफ्टच्या बाजूचा दरवाजा कुठला तेही लिहून. तेव्हा कुणी बिझी नसतं. आणि मी एक माणूस मागितला तर ग्रुपला रेंज नाही! रेंजसाठी सड्यावर आम्ही चढतो, तुम्ही नाही.

अरे, रात्री दोन वाजता भांडं द्यायला माणूस लागतं. तुमची फुलं ते करणार आहेत? या ना एक रात्र. गाड्या काय फक्त गणपतीतच सुटतात? येणं जमत नसेल तर 'जमत नाही' एवढं सरळ लिहा, राग नाही, आम्ही शेजारच्या वाडीत विचारू. पण 'सांगा हं' लिहून गप्प बसू नका. आणि वरच्या खोलीचं मला पुन्हा विचारू नका.