एल्विर पोपेस्को नुसत्या हेलावर तरली?

पॅरिसच्या रंगभूमीवर गाजलेली नटी एल्विर पोपेस्को हिची गोष्ट सर्रास एकाच साच्यात सांगितली जाते. रोमानियातली कुणी अनोळखी मुलगी पॅरिसला जाते, तिला धड फ्रेंच बोलता येत नाही, तिच्या उच्चारांना लोक हसतात आणि त्या हशावर ती रातोरात स्टार होते. पुढे वय होतं, हेलाची गंमत ओसरते, खेळ खलास. थोडक्यात काय, तर बाईनं नशीब काढलं! नाटकावर जीव असलेल्या माणसाला हे मुकाट्यानं वाचवत नाही.

‘अनोळखी मुलगी’ हे तर साफ खोटं. १८९४ साली बुखारेस्टला जन्मलेली एल्विरा पोपेस्कू (हे तिचं मूळ रोमानियन नाव) तिथल्या कॉन्झर्व्हेटरीत, म्हणजे नाट्यशिक्षणाच्या संस्थेत, कॉन्स्टंटिन नोतारा आणि अरिस्तित्सा रोमानेस्कू या नामवंत नटांच्या हाताखाली तयार झाली. सोळाव्या वर्षी ती राष्ट्रीय नाट्यगृहाच्या रंगमंचावर उभी राहिली. १९१९मध्ये एक्सेलसिओर थिएटरची कलात्मक सूत्रं तिच्याकडे आली आणि १९२१मध्ये तिनं ‘तेआत्रुल मिक’, म्हणजे छोटं थिएटर, सुरू केलं. १९२३ साली फ्रेंच नाटककार लुई व्हेर्नॉय तिला पॅरिसला घेऊन गेला, तेव्हा तिच्या गाठीशी बारा-तेरा वर्षांची रंगभूमी होती. व्हेर्नॉयनं रस्त्यावरून मुलगी उचलली नव्हती, एक कसलेली नटी नेली होती.

आता हेल. तो होता, आणि जन्मभर राहिला. ‘रस्ता’ म्हणून पाहा: जिभेचं टोक थरथरतं. रोमानियन ‘र’ही असाच, जिभेच्या टोकाचा. पॅरिसचा ‘र’ मात्र घशाच्या मागून येतो. पोपेस्कोनं आपला ‘र’ सोडला नाही, उलट मोकळा सोडला. हेही मान्य, की नाटककारांनी तो हेल डोळ्यांसमोर ठेवून भूमिका लिहिल्या. व्हेर्नॉयच्या ‘मा कुझीन द व्हार्सोव्ही’ (वॉर्सातली माझी बहीण) या नाटकात ती पोलिश होती, १९३३च्या ‘तोव्हारिच’मध्ये पॅरिसला मोलकरीण म्हणून राबणारी परागंदा रशियन ग्रँड डचेस, म्हणजे राजघराण्यातली बाई. एकच रोमानियन जीभ, आणि प्रेक्षकांनी तिला कधी पोलिश मानलं, कधी रशियन. नुसत्या उच्चारानं हे जमत नाही, त्याला पात्र उभं करावं लागतं. परक्या उच्चाराची नवलाई किती टिकते? एक हंगाम, फार तर दोन. पोपेस्को पॅरिसच्या रंगभूमीवर पन्नासेक वर्षं टिकली.

‘वय झालं आणि संपलं’ याला उत्तर द्यायला नुसती सनावळी पुरते. १९५७ साली, साठी उलटल्यावर, आंद्रे रूसँच्या ‘ला मामा’ या नाटकात ती गाजली. १९६०मध्ये ‘प्लँ सोलेय’ या चित्रपटात आणि दिग्दर्शक आबेल गान्सच्या ‘ऑस्टरलिट्झ’मध्ये ती दिसली. दुसऱ्यात तर नेपोलियनची आई! याच काळात ती आधी तेआत्र द पारी आणि मग १९६५पासून मारिन्यी ही नाट्यगृहं चालवत होती. नाटक निवडणं, पैसा उभा करणं, रिकाम्या खुर्च्यांची चिंता वाहणं, हे सगळं तिच्या डोक्यावर होतं. आणि गोष्ट सांगणारे तिला नशीबवान पाहुणी म्हणतात! १९८७ साली, त्र्याण्णवाव्या वर्षी, तिला फ्रेंच रंगभूमीचा सन्मानाचा मोलिएर पुरस्कार मिळाला. १९९३मध्ये ती गेली.

पण मला सगळ्यांत मोठा पुरावा वाटतो तो १९५४चा. त्या वर्षी फ्रेंच लेखक जाँ कॉक्तोचं ‘ला माशीन अँफेर्नाल’, म्हणजे नकळत आपल्या आईशीच लग्न करणाऱ्या ग्रीक राजा इडिपसची कथा, पुन्हा रंगमंचावर आलं. जाँ मारे इडिपस, जान मोरो कोडी घालणारी राक्षसी स्फिंक्स आणि पोपेस्को ती आई, राणी योकास्टा. राणीच्या बोलण्यात ठळक परका हेल असावा, राजघराण्यांत असतो तसा, ही सूचना १९३४च्या संहितेतच आहे आणि पहिल्या प्रयोगात ती भूमिका दुसऱ्या नटीनं केली होती. म्हणजे इथे नाटक पोपेस्कोच्या हेलासाठी बेतलेलं नव्हतं, उलट भूमिकेनंच हेल मागितला होता. पहिल्या अंकात योकास्टाच्या लांब स्कार्फवर सारखा कुणाचा तरी पाय पडतो. ती वैतागते, हा एक दिवस माझा जीव घेईल म्हणते. तिच्या त्या ‘र’ला खुशाल हसावं, असा तो प्रवेश आहे. शेवटच्या अंकात राणी त्याच स्कार्फनं गळफास घेते.