फिंगरिंगच्या आकड्यांबद्दलच्या तुमच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार, तुमचा दोन स्टारचा रिव्ह्यू नीट वाचला. तुमच्या तीन तक्रारी आहेत: आम्ही बनवून दिलेल्या गिटारच्या स्कोअरमध्ये (लिहिलेल्या नोटेशनमध्ये) कॉर्डच्या, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या नोट्सच्या, बोटांचे आकडे (फिंगरिंग) नोटच्या डावीकडे आणि सुट्या नोट्सचे मात्र स्टाफच्या, म्हणजे पाच रेषांच्या, वर, लिलिपाँड या टेक्स्ट लिहून नोटेशन बनवणाऱ्या सॉफ्टवेअरची फाईल उघडून तुम्ही आकडे डावीकडे घ्यायची सेटिंग टाकली तर सुट्या नोट्सवर काहीच फरक पडला नाही, आणि जे माउसने ओढून दोन मिनिटांत झालं असतं त्यासाठी आम्ही टेक्स्टवालं सॉफ्टवेअर वापरून तुमचा वेळ घालवला. तिन्हीचं उत्तर इथेच देतो कारण हे प्रश्न बऱ्याच जणांना पडतात.

आधी सेटिंगचं. फिंगरिंग-ओरिएंटेशन्स ही सेटिंग फक्त कॉर्डच्या कोनी कंसात, म्हणजे लेस-दॅन आणि ग्रेटर-दॅनच्या मधे, लिहिलेल्या नोट्सनाच लागू होते. सुटी नोट नुसती लिहून पुढे डॅश आणि आकडा दिला की आकडा वर किंवा खालीच जाणार, डॅशच्या जागी कॅरेट दिला तर नक्की वर, अंडरस्कोर दिला तर नक्की खाली, डावीकडे जायचा रस्ताच तिथे नाही. उपाय सोपा आहे, एकच नोट असली तरी ती कोनी कंसात टाका, आकडाही कंसाच्या आतच नोटला चिकटून, कालावधी मात्र कंसाच्या बाहेर, आणि लगेच आकडा डावीकडे येईल. अजून एक, तुमच्या पीसमध्ये बास आणि मेलडी असे दोन व्हॉइस, म्हणजे एकाच स्टाफवर लिहिलेल्या दोन स्वतंत्र ओळी, आहेत आणि तुम्ही सेटिंग जिथे टाकलीत तिथून पुढे हे दोन्ही व्हॉइस नव्याने सुरू होतात त्यामुळे ती त्यांच्यापर्यंत पोचतच नाही, म्हणून सेटिंगच्या नावाआधी स्टाफ आणि एक डॉट लावा म्हणजे त्या स्टाफमधल्या सगळ्या व्हॉइसना ती मिळेल.

आता सुट्या नोट्सचे आकडे आम्ही वर का ठेवले ते. हा निर्णय विचार करूनच घेतलाय आणि मला तो आजही बरोबर वाटतो. गिटारमध्ये एका नोटला तीन खुणा लागू शकतात, डाव्या हाताचं बोट १ ते ४ (मोकळ्या तारेला ०), उजव्या हाताची पी-आय-एम-ए अक्षरं (अंगठा, तर्जनी, मधलं बोट, अनामिका), आणि वर्तुळातला तारेचा नंबर. लिलिपाँडमध्ये या तिघांच्या जागा वेगवेगळ्या सेटिंगने ठरतात आणि ते फार चांगलं आहे कारण तिघं एकाच बाजूला आले तर वाचणाऱ्याची वाट लागते. कॉर्डमध्ये आकडा डावीकडेच हवा, कुठलं बोट कुठल्या नोटचं हे तेव्हाच कळतं, तीन आकडे वर एकावर एक रचले की वाजवणारा मोजत बसतो. पण तुमच्या पीसमधल्या सिक्स्टीन्थ, म्हणजे भराभर वाजणाऱ्या, नोट्सच्या धावत्या ओळीत दोन नोट्समधली जागा मुळातच अरुंद, त्यात शार्प-फ्लॅट, त्यात तो बारीक आकडा डावीकडे घेतल्यावर नेमका स्टाफच्या रेषेवर बसला की १ आणि ४ मधला फरकसुद्धा लांबून कळत नाही. म्युझिक स्टँड हातभर लांब असतो, स्क्रीनवर झूम करून बघणं वेगळं आणि वाजवताना बघणं वेगळं.

राहिला माउसचा मुद्दा. ओढून आकडा हलवता येतो, मान्य, आणि लिलिपाँडमध्येही एक्स्ट्रा-ऑफसेट आहे जो नेमकं तेच करतो. तुम्ही पाठवलेल्या बदललेल्या फाईलमध्ये बऱ्याच आकड्यांना तो लावलेला दिसला. त्याची अडचण अशी की सगळं लेआउट ठरून झाल्यावर तो फक्त शाई सरकवतो, शेजारच्या स्लरला (नोट्स जोडणाऱ्या वक्र रेघेला) किंवा स्टेमला (नोटच्या उभ्या दांडीला) पत्ताच नसतो की आकडा आपल्या अंगावर आलाय. तुम्ही पानाचा आकार बदलल्यावर आकडे स्लरवर चढले ते यामुळेच, ओळी नव्याने मोडल्या, अंतरं बदलली, आणि सरकवण्याचं माप मात्र जुन्या पानाचंच राहिलं. म्हणून आम्ही हाताने सरकवणं अगदी शेवटी ठेवतो, आधी आकडा स्टेमच्या बाजूला नीट बसावा म्हणून अ‍ॅड-स्टेम-सपोर्ट, आणि एकाच नोटवर आकडा आणि दुसरी खूण आली तर स्क्रिप्ट-प्रायॉरिटी, जिचा नंबर कमी ती खूण नोटच्या जवळ. असं केलं की पीस दुसऱ्या स्केलमध्ये नेला किंवा दुसऱ्या कागदावर छापला तरी आकड्यांची जागा प्रोग्रॅम नव्याने काढतो. बोटं बदलतील का हे अर्थात वाजवणाऱ्यालाच बघावं लागतं.

तरीही तुम्हाला सगळे आकडे डावीकडेच वाचायची सवय असेल तर ती चुकीची आहे असं मी अजिबात म्हणणार नाही, कित्येक गिटारवाल्यांना तसंच आवडतं. तुमच्यासाठी सगळ्या सुट्या नोट्स कोनी कंसात घेऊन दुसरी फाईल बनवतोय, धावत्या ओळीत नोट्समधलं अंतर थोडं वाढवावं लागेल त्यामुळे एखादी ओळ वाढेल, पैसे काही लागणार नाहीत. फक्त एवढंच सांगा की उजव्या हाताची अक्षरं खाली ठेवू का वर, आणि ज्या बारमध्ये (स्टाफवरच्या दोन उभ्या रेषांमधल्या भागात) तुम्ही स्वतः बोट बदललंय त्यांचे नंबर पाठवा म्हणजे तेही त्याच फाईलमध्ये घेतो.