बोवीने 'टॉय' स्वतः लीक केला नव्हता

माझा भाचा पुण्यात इंजिनिअरिंगला आहे आणि कॉलेजच्या बँडमध्ये बेस वाजवतो. त्यांच्या ग्रुपवर फिरणारा एक फॉरवर्ड त्याने मोठ्या कौतुकाने मला पाठवला, "मावशी, हे तुला माहीत होतं का?" असं विचारून. त्यातला मजकूर थोडक्यात असा: ब्रिटिश रॉक गायक डेव्हिड बोवीचा 'टॉय' हा अल्बम कंपनीने टाकाऊ ठरवून दाबून टाकला. चिडलेल्या बोवीनेच तो २०११ मध्ये इंटरनेटवर सोडला. लीक झालेला तोच खरा अल्बम, दुकानात नंतर आलेला कंपनीने बदललेला. बोवी आता हयात नाही म्हणजे कॉपीराइट संपला, तेव्हा खालच्या लिंकवरून खुशाल उतरवून घ्या. आणि लीक झाला नसता तर हा अल्बम जगाला कधी ऐकायलाच मिळाला नसता.

पंचविसेक मुलांच्या त्या ग्रुपवर एकानेही "कशावरून?" असं विचारलं नाही. ही सगळी उद्या स्वतःची गाणी रेकॉर्ड करू पाहणारी मुलं आहेत. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

कंपनीच्या मुद्द्यात अर्धं सत्य आहे, ते नाइलाजाने मान्य करते. जून २००० मध्ये बोवीने इंग्लंडमधल्या ग्लॅस्टनबरी संगीत महोत्सवात गाजलेला कार्यक्रम केला आणि त्यानंतर लगेच तोच वाद्यवृंद घेऊन तो न्यूयॉर्कच्या सिअर साउंड स्टुडिओत शिरला. सहनिर्माता मार्क प्लाती, गिटारवर अर्ल स्लिक, बेसवर गेल अ‍ॅन डॉर्सी, ड्रमवर स्टर्लिंग कॅम्पबेल, पियानोवर माइक गार्सन. कल्पना अशी की १९६४ ते १९७१ या काळातली, कुणी फारशी न ऐकलेली आपलीच गाणी मोठ्या वयात पुन्हा गायची. अल्बम तयार झाला, पण त्याची रेकॉर्ड कंपनी व्हर्जिन आणि तिची मालक ईएमआय यांनी तो पुढे ढकलत ठेवला. कंपनीला वेळापत्रकाच्या अडचणी आहेत आणि आता तिला जुन्याऐवजी नव्या गाण्यांचा अल्बम हवा आहे, हे बोवीने २००१ मध्ये स्वतःच चाहत्यांना सांगितलं होतं. कंपनी कचरली, हे खरं. पण "टाकाऊ ठरवला" हे कुठून आलं? बोवी व्हर्जिनमधून बाहेर पडला, आयएसओ नावाचं स्वतःचं लेबल काढलं आणि जून २००२ मध्ये कोलंबिया कंपनीच्या साथीने 'हीदन' हा नवा अल्बम आणला. दबलेल्या, हतबल कलाकाराची ही गोष्ट नव्हे.

आता मुख्य मुद्दा. बोवीनेच लीक केला, हा. यासाठी फॉरवर्डमध्ये पुरावा म्हणून काय दिलंय, तर २००२ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सला दिलेली मुलाखत. दहा वर्षांत कॉपीराइट नावाची गोष्ट उरणार नाही आणि संगीत नळाच्या पाण्यासारखं, विजेसारखं होईल, असं तो त्यात खरोखरच म्हणाला होता. इंटरनेटचं त्याला वेडही होतं. १९९८ मध्ये त्याने स्वतःची इंटरनेट सेवा सुरू केली, १९९९ चा अल्बम दुकानांच्या आधी डाउनलोडसाठी उपलब्ध करून दिला. हे सगळं कबूल. पण पुढे असं होईल असं भाकीत करणं आणि स्वतःचं अपुरं काम चोरवाटेने बाहेर सोडणं यांचा संबंध काय? याच माणसाने १९९७ मध्ये आपल्या जुन्या अल्बमांच्या रॉयल्टीवर साडेपाच कोटी डॉलरचे रोखे काढले होते. रॉयल्टीची किंमत त्याला चांगली कळत होती.

शिवाय तारखा बघा. लीक झाला मार्च २०११ मध्ये. त्याच वर्षी मे महिन्यात न्यूयॉर्कमध्ये 'द नेक्स्ट डे' या त्याच्या नव्या अल्बमचं रेकॉर्डिंग सुरू झालं आणि त्यात काम करणाऱ्यांकडून गुप्ततेच्या करारावर सह्या घेतल्या गेल्या. जवळजवळ दोन वर्षं कुणालाही पत्ता लागला नाही. ८ जानेवारी २०१३ ला, बोवीच्या ६६ व्या वाढदिवशी, कसलीही पूर्वसूचना न देता पहिलं गाणं आलं आणि जग चकित झालं. लीकमुळे त्याने हे केलं असं मी म्हणत नाही. पण आपलं काम कधी आणि कोणत्या रूपात लोकांपुढे जायचं, हे आपणच ठरवायचं असा ज्याचा एवढा कटाक्ष होता, त्याच्यावरच लीकचं खापर फोडायचं? आणि तेही तो उत्तर द्यायला हयात नसताना? मला सगळ्यात जास्त राग याचा येतो.

'टॉय'मधली गाणी बाहेर आणायची त्याची स्वतःची पद्धत होती आणि ती सगळ्यांसमोर होती. २००२ मध्ये 'हीदन'च्या सिंगल्सच्या जोडीला 'शॅडो मॅन', 'बेबी लव्ह्ज दॅट वे', 'यू हॅव गॉट अ हॅबिट ऑफ लीव्हिंग' आली. 'कॉन्व्हर्सेशन पीस' 'हीदन'च्याच जादा डिस्कवर आलं. 'युअर टर्न टू ड्राइव्ह' २००३ मध्ये डाउनलोड म्हणून दिलं गेलं. २०१४ च्या संकलनात यातली तीन गाणी होती. इतक्या दारांनी जो आपली गाणी उघडपणे देत होता, त्याला मागच्या भिंतीवरून उडी मारायची गरज काय होती?

"लीक तोच खरा अल्बम" हे तर निव्वळ न ऐकता लिहिलेलं आहे. लीकमध्ये १४ गाणी आहेत, नोव्हेंबर २०२१ मध्ये अधिकृतपणे आलेल्या अल्बममध्ये १२. पण यादी शेजारी ठेवून पाहा. लीकमध्ये 'कर्मा मॅन' नाही आणि 'कान्ट हेल्प थिंकिंग अबाउट मी' नाही. हे दुसरं गाणं म्हणजे जानेवारी १९६६ मध्ये 'डेव्हिड बोवी' या नावाने निघालेली पहिली तबकडी. त्याआधी तो डेव्ही जोन्स होता. स्वतःच्या सुरुवातीकडे वळून पाहणाऱ्या अल्बममधून नेमकं हेच गाणं गायब, आणि म्हणे खरा अल्बम हाच! उलट लीकमध्ये 'अंकल फ्लॉइड' आहे. ते बोवीने नंतर पुन्हा घडवलं, नाव बदललं आणि 'स्लिप अवे' म्हणून 'हीदन'मध्ये घेतलं. 'अफ्रेड'ही 'हीदन'मध्येच गेलं. म्हणजे लीक हा कामाचा मधलाच एक टप्पा होता, ज्यातलं काय ठेवायचं आणि काय दुसरीकडे न्यायचं हे अजून ठरत होतं. गवयाचा बंद दाराआडचा रियाज चोरून रेकॉर्ड करावा आणि हीच त्याची मैफल म्हणून वाटावा, तसं हे झालं.

ज्यांना खरंच ऐकायचं आहे त्यांनी अधिकृत अल्बममधलं 'द लंडन बॉइज' ऐकावं. लंडनच्या झगमगाटात हरवलेल्या सतरा वर्षांच्या पोराचं हे गाणं मूळ आलं तेव्हा बोवी १९ वर्षांचा होता. इथे तो ५३ वर्षांचा आहे. शब्द तेच, पण तेव्हा तो त्या पोराच्या शेजारी उभा राहून गात होता आणि आता बापाच्या जागी उभा राहून गातो. 'सिली बॉय ब्लू'ही जरूर ऐका. तिबेटी बौद्ध धर्माच्या ओढीतून आलेलं हे गाणं त्याने फेब्रुवारी २००१ मध्ये कार्नेगी हॉलमधल्या तिबेट हाउसच्या मदत-मैफलीतही गायलं होतं.

आणि आता तो घातक मुद्दा, ज्याच्यापायी मुलं उद्या अडचणीत येऊ शकतात. कलाकार गेला की कॉपीराइट संपतो, हे साफ खोटं आहे. आपला १९५७ चा कॉपीराइट कायदा काढून कलम २२ आणि २७ वाचा. गीत आणि संगीतावरचा हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं. परदेशी कलाकृतींनाही आंतरराष्ट्रीय करारांमुळे इथे संरक्षण आहे. बोवी १० जानेवारी २०१६ ला गेला. हिशेब करा: त्याच्या रचनांवरचा हक्क भारतात २०७६ अखेरपर्यंत आहे आणि २०२१ मध्ये निघालेल्या या ध्वनिमुद्रणावरचा २०८१ अखेरपर्यंत. त्याच कायद्याचं कलम ६३ जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला तुरुंगवास सांगतं. "कोण पकडतंय" म्हणणाऱ्यांसाठी एवढंच: गन्स अँड रोझेस या रॉक बँडच्या 'चायनीज डेमोक्रसी' अल्बमची नऊ गाणी प्रकाशनाआधी २००८ मध्ये इंटरनेटवर चढवणाऱ्या अमेरिकी ब्लॉगरला एफबीआयने अटक केली होती. न्यायालयाने त्याला दोन महिन्यांची घरकैद आणि वर्षभराची प्रोबेशन दिली. गाणी उतरवणाऱ्या प्रत्येकाच्या दारात पोलीस येतील असं नाही, पण "पूर्ण कायदेशीर" असं लिहून लिंक वाटणारा माणूस विशीतल्या मुलांशी खोटं बोलतो आहे.

राहिला शेवटचा दावा, की लीकमुळेच अल्बम निघाला. लीकमुळे चाहत्यांमध्ये उत्सुकता वाढली असेल, नाही म्हणत नाही. पण बोवीच्या कारकिर्दीचे एकेका कालखंडाचे संच काढायला २०१५ मध्ये, तो हयात असतानाच सुरुवात झाली होती. १९६९ पासून क्रमाने ते निघत गेले, आणि १९९२ ते २००१ या काळाचा संच २०२१ मध्ये आला. २००० साली रेकॉर्ड झालेला 'टॉय' त्याच संचात, आपल्या कालक्रमाने आला. स्वतंत्र तीन डिस्कची आवृत्ती ७ जानेवारी २०२२ ला निघाली, बोवीच्या ७५ व्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, आणि त्यातही तीच १२ गाणी मूळ अल्बम म्हणून पहिल्या डिस्कवर आहेत.