सिडनीहून सँटियागोला थेट विमान जातं!

'दक्षिण गोलार्धात एका खंडातून दुसऱ्या खंडात थेट विमानं नाहीत, कारण पृथ्वी सपाट आहे' असा लांबलचक मेसेज सध्या फिरतोय. घरच्या ग्रुपवर आला तेव्हा मी दुर्लक्ष केलं. पण नववीतल्या भाच्याने तोच दाखवून "मामा, मग भूगोलाच्या पुस्तकात खोटं छापलंय का?" असं विचारलं, तेव्हा मात्र गप्प बसवेना.

मेसेजचा हुकमी पुरावा असा: सिडनीहून चिलीतल्या सँटियागोला जायचं तर लॉस एंजेलिसवरूनच जावं लागतं. साफ खोटं. ऑस्ट्रेलियाच्या क्वांटास कंपनीने २०१२ मध्ये ही थेट सेवा सुरू केली. कोविडचा खंड सोडला तर ती चालूच आहे. अंतर सुमारे ११,३४० किलोमीटर, वेळ साधारण साडेबारा तास. भागाकार करा, ताशी ९०० किलोमीटर येतात. जेट विमानाचा हा नेहमीचा वेग.

आता सपाटवाल्यांचा नकाशा घ्या. मध्यभागी उत्तर ध्रुव, कडेने अंटार्क्टिकाचं कडं. त्यावर हेच अंतर २५,००० किलोमीटरच्या वर जातं. साडेबारा तासांत ते कापायचं तर ताशी २,००० किलोमीटरहून जास्त वेग हवा. तेवढा आवाजाहून वेगाने उडणाऱ्या कॉन्कॉर्डला होता, या मार्गावरच्या बोइंग ७८७ ला नाही. शिवाय त्या नकाशावरची सरळ रेघ उत्तर पॅसिफिकवरून, पुढे चक्क अमेरिकेवरून जाते. प्रत्यक्षात हे विमान दक्षिणेकडे इतकं खाली उतरतं की प्रवाशांना कधी कधी खिडकीतून समुद्रात तरंगणारे हिमनग दिसतात. उत्तर पॅसिफिकवरून जाताना अंटार्क्टिकाचे हिमनग कुठून दिसणार?

'दुपारी निघून त्याच दिवशी सकाळी पोहोचतं, म्हणजे वेळापत्रकच बनावट' हा पुढचा मुद्दा. अहो, वाटेत आंतरराष्ट्रीय वाररेषा लागते! तिथल्या उन्हाळ्यात, म्हणजे आपल्या हिवाळ्यात, सिडनीचं घड्याळ सँटियागोच्या १४ तास पुढे असतं. साडेबाराला निघालेलं विमान साडेबारा तासांनी उतरतं तेव्हा सिडनीत रात्रीचा एक, सँटियागोत निघाल्या तारखेचेच सकाळचे अकरा.

'पृथ्वी फिरते तर हेलिकॉप्टर हवेत थांबवा, अमेरिका आपोआप खाली येईल' यावर फार लिहीत नाही. पृथ्वीबरोबर हवाही फिरते, हेलिकॉप्टरही. मुंबईहून लंडनला जाताना येण्यापेक्षा जास्त वेळ लागतो तोही पृथ्वी खालून सरकल्यामुळे नाही, तर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या वेगवान वाऱ्यांमुळे.

एक गोष्ट मान्य करावी लागेल. दक्षिणेत अशी थेट विमानं खरंच मोजकी आहेत. जमीन आणि माणसं, दोन्ही बहुतांश उत्तरेत. त्यात दोन इंजिनांच्या विमानाला, एक बंद पडलं तर ठरावीक वेळात गाठता येईल असा विमानतळ आवाक्यात ठेवावाच लागतो. दक्षिण पॅसिफिकमध्ये तो मिळणं अवघड. म्हणून क्वांटास या मार्गावर कित्येक वर्षं चार इंजिनांचं ७४७ वापरत होती. दोन इंजिनांच्या ७८७ ला जास्त वेळाची परवानगी आहे, आणि तेच विमान घेऊन लाटाम कंपनीने २०१७ मध्ये सँटियागो ते मेलबर्न हा जवळपास तेवढाच लांबचा थेट मार्ग सुरू केला.