वाईन कॅपिटलच्या आधीचं नाशिक

नाशिकचा वारसा म्हटलं की काळाराम मंदिर, रामकुंड, सरकारवाडा, पांडवलेणी. तिथून जी उडी मारायची ती थेट गंगापूर धरणाकडच्या द्राक्षमळ्यात, हातात वाईनचा ग्लास घेऊन. सुलाची पहिली वाईन बाजारात आली २००० साली, राज्याचं वाईन धोरण २००१ चं. म्हणजे आपल्या 'वाईन कॅपिटल'चं वय जेमतेम पंचवीस. त्याआधी हे शहर काय ताक पीत होतं?

सातपूर, अंबड, सिडको, नाशिकरोड इथल्या जुन्या परमिट रूम आणि देशीच्या दुकानांचा इतिहास कुणीतरी नीट लिहायला हवा, असं माझं ठाम मत आहे. बाईने हे लिहावं याचं काहींना नवल वाटेल, वाटू दे. माझे वडील सातपूरच्या एका कंपनीत होते, घर सिडकोत. दारूचा इतिहास मी बाहेरून, म्हणजे दारात उभी राहून पाहिलाय.

आपल्याकडे दारूबंदीचा कायदा आला १९४९ साली. पुढची बरीच वर्षं पिणारा एक तर तब्येतीच्या कारणाने परमिट काढायचा, नाहीतर हातभट्टी गाठायचा. वसंतराव नाईकांच्या काळात, साठच्या दशकात, बंधनं सैल झाली. आणि नेमक्या त्याच दशकात नाशिकला कारखाने आले: ओझरला मिग विमानांचा, सातपूरला एमआयडीसी, पाठोपाठ मायको. (बॉश म्हणा हवं तर, रिक्षावाल्याला मायको सर्कलच सांगावं लागतं.) त्यामुळे आपल्याकडे कारखाना आणि बार बरोबरच वाढले.

कायदा मात्र आजही दारूबंदीचाच आहे. कागदोपत्री पिणाऱ्याच्या खिशात परमिट हवं, विदेशीसाठी एका दिवसाचं पाच रुपयांना, देशीसाठी दोन रुपयांना. ते कुणी बघत नाही, पण चोरून बसल्याची भावना त्या कायद्यातूनच आली असावी. भर दुपारी सुद्धा आत अंधार, काळ्या काचा, दाराला जाड पडदा, कोपऱ्यात लाल बल्ब आणि गल्ल्यामागे हार घातलेली लक्ष्मी किंवा साईबाबा. युरोपातल्यासारखं खिडकीशी बसून रस्ता बघत पिणं आपल्याकडे कधी रुजलंच नाही.

आत काय चालायचं? माणसं खानदेशातून, कसमादेतून (कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा) आलेली. दिवसभर सुपरवायझरशी मराठी-हिंदी, आणि संध्याकाळी आत शिरताच अहिराणीत 'कथा जाई ऱ्हायना भो?' (कुठे चाललास रे?) भिशी तिथे, गावाकडच्या जमिनीचा वाद तिथे, कुठल्या कंपनीत भरती आहे ही खबर तिथे. गेटवर लाल झेंडा लावायचा की नाही याची पहिली कुजबूजही तिथलीच. युनियनच्या ऑफिसात ठराव व्हायचे, माणसं जमवायचं काम मसाला पापड आणि उकडलेल्या चण्यांवर व्हायचं. रूमवर एकटा राहणाऱ्या पोराला, ज्याची बायको अजून पारोळ्याला असायची, बसायला दुसरी जागा तरी कुठली होती?

आता दाराबाहेरचं. पगाराचा तेव्हाचा कायदा सांगायचा, हजाराच्या आत कामगार असतील तर सात तारखेपर्यंत, जास्त असतील तर दहापर्यंत पगार. आमच्या लाईनीतल्या बायकांना हा कायदा कुणी शिकवला नव्हता, तारखा पाठ होत्या. पाकीट रोख मिळायचं, तेव्हा सात आणि दहाच्या संध्याकाळी बायका गेटवर तरी जायच्या किंवा पोरांना बारच्या दारात पाठवायच्या. मीही जायचे. आत जायचं नाही हा नियम, म्हणून पडद्याशी उभं राहून वेटरला सांगायचं. तो आत जाऊन यायचा, येताना हातावर खारे शेंगदाणे ठेवायचा आणि म्हणायचा, 'येताहेत.' बाबा यायचे, पाकिटातून किती गेलं ते घरी आईच्या चेहऱ्यावर कळायचं.

म्हणून 'आमच्या वेळचे बार, काय ते दिवस' छापाच्या गहिवराला माझा विरोध आहे. त्या टेबलांवरची दोस्ती खरी होती, पण तिचं बिल कुणीतरी घरी फेडत होतं. २००८ च्या नियमाने बायकांना मतदान करून दुकान बंद पाडायचा अधिकार दिला, मतपत्रिकेवरची आडवी बाटली जिंकली की कुलूप. ती आडवी बाटलीही या इतिहासाचंच प्रकरण आहे.

१९७१ साली ग्राहकांनी काढलेली ब्रिटनमधली कॅमरा नावाची संघटना जुन्या पबच्या आतल्या सजावटीच्या, काउंटरच्या, फरशांच्या याद्या करते. आपण आपल्या बारमधला साधा पत्र्याचा रेटबोर्डही जपलेला नाही. आणि जागा तर भराभर जाताहेत. हायवेलगतच्या दारूविक्रीवर बंदी घालणाऱ्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर १ एप्रिल २०१७ ला मुंबई-आग्रा रोडवरची दुकानं बंद झाली आणि सगळी गर्दी आतल्या गल्ल्यांत आली. शहरांना पुढे सूट मिळाली, पण तोवर काहींनी गाळे विकले होते. नोव्हेंबर २०२३ पासून परमिट रूममधल्या दारूवरचा व्हॅट पाचाचा दहा टक्के झाला, २०२५ मध्ये उत्पादन शुल्कही वाढलं. कंत्राटी कामगार आता बारमध्ये बसतच नाही. वाईन शॉपमधून क्वार्टर घेतो आणि एमआयडीसीतल्या मोकळ्या प्लॉटवर गाडीच्या सीटवर ग्लास ठेवतो. ज्यांच्याकडे पैसे आहेत ते कॉलेज रोडला लाउंजमध्ये. मधल्या माणसाची बसायची जागा गेली, आणि त्याची बायको सुखी झाली असंही काही नाही.

आमच्या सिडकोतल्या बारच्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे. मालक गावी गेले. शेंगदाणे देणारा तो वेटर अंबडला भुर्जीची गाडी लावतो. कोण कुठल्या टेबलावर बसायचं, कुणाची उधारी कुणी फेडली, कुणाची बायको थेट आत येऊन कॉलर धरून नवऱ्याला घेऊन गेली, सगळं त्याला पाठ आहे. कुणाला लिहून घ्यायचं असेल तर मी गाठ घालून देते. फक्त आठच्या आत जा, नंतर सेकंड शिफ्टच्या जेवणाची गर्दी सुरू होते.